मासा एकच, अंगलट निराळी

१. भिगवणच्या लिलावात पडणारा प्रश्न

उजनी जलाशयाच्या काठी भिगवणला माशांचा लिलाव चालतो. तिथे सगळ्यात जास्त दिसतो तो चिलापी, म्हणजे पुस्तकातला तिलापिया. हा मूळचा आफ्रिकेचा. भारतात तो १९५२ साली बँकॉकहून आणला गेला आणि पुढे तलावांत, धरणांत असा पसरला की आज उजनीकाठच्या पोरांना तो इथलाच वाटतो. ढिगाजवळ जरा वेळ उभं राहिलं की कुणीतरी हमखास विचारतं, ‘यात दोन जाती मिसळल्यात का?’ कारण एका माशाचं तोंड मोठं, ओठ जाड, कपाळाला खळगा. शेजारच्याचं डोकं लहान आणि अंग वाटोळं. विकणारा मान न उचलता सांगतो, ‘चिलापीच आहे सगळी.’

बहुतेक वेळा विकणारा बरोबर असतो. मोझांबिक तिलापियाचा नर विणीला आला की त्याचा जबडा वाढतो आणि कपाळाची रेघ आत वळते. मादी अंडी तोंडात धरून उबवते आणि त्या काळात फारसं खात नाही, त्यामुळे तिचं अंग उतरतं. तळ्यात गर्दी फार झाली तर सगळेच मासे खुजे राहतात, आणि उपाशी माशाचं डोकं उगीचच मोठं भासतं. थोडक्यात, लिंग, वय आणि भूक या तीन गोष्टींनीच निम्मा गोंधळ मिटतो. (निम्माच, कारण नाईल तिलापिया नावाचा त्याचा चुलतभाऊही भारतात पोचलेला आहे आणि या दोघांचा संकर होतो. म्हणजे गिऱ्हाईकही कधीकधी बरोबर असतं!)

आता प्रश्न थोडा अवघड करू. जात एक, वय सारखं, पोट भरलेलं, तळंही तेच. तरीही माशांच्या अंगलटीत फरक दिसला तर? आणि तो मासा त्या पाण्यात उपरा असेल, चार दिवसांपूर्वी आलेला असेल, तर हा फरक त्यानं आणला कुठून? या प्रश्नासाठी आपल्याला उजनी सोडून जपानला जावं लागेल. तिथली गोष्ट सुरुवातीपासून नोंदलेली आहे, म्हणून ती जास्त उपयोगाची.

२. पंधरा माशांची भेट

१९६० साली जपानचे तेव्हाचे युवराज अकिहितो अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले होते. शिकागोच्या महापौरांनी त्यांना ब्लूगिल जातीचे मासे भेट दिले. भेट विचित्र वाटेल, पण घेणारा जाणकार होता. अकिहितो स्वतः मत्स्यशास्त्रज्ञ. गोबी या माशांवरचे त्यांचे शोधनिबंध अभ्यासकांना ठाऊक आहेत. खाण्यासाठी चांगला मासा मिळेल या आशेनं त्यांनी ते मासे जपानच्या मत्स्यविभागाच्या संशोधन केंद्राकडे सोपवले.

ब्लूगिल हा उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला मासा. दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखा चपटा, कल्ल्याच्या कडेला काळा ठिपका आणि खालच्या बाजूला निळसर झाक, म्हणून हे नाव. साधारण तळहाताएवढा. नर तळाशी खळगा करून घरटं बनवतो आणि अंड्यांची राखण करतो. दिसायला गरीब. पण इतर माशांची अंडी आणि पिल्लं तो आवडीनं खातो, आणि हे पुढे महागात पडलं.

केंद्रातून तो इकडेतिकडे गेला. साठच्या दशकातच तो बिवा सरोवरात पोचला. बिवा म्हणजे जपानमधलं सगळ्यात मोठं सरोवर, क्योटोच्या शेजारी, सुमारे ६७० चौरस किलोमीटर पसरलेलं. वयानं तर जगातल्या मोजक्या म्हाताऱ्या सरोवरांपैकी एक: सुमारे चाळीस लाख वर्षं. इतक्या काळात तिथे असे मासे घडले जे इतरत्र कुठेच नाहीत. त्यांच्यात हा नवखा शिरला आणि नव्वदच्या दशकात त्यानं उच्छाद मांडला.

२००६ साली जपानी संशोधकांनी देशभरातल्या ब्लूगिलचे डीएनए तपासले. निष्कर्ष असा निघाला की जपानातले सगळे ब्लूगिल १९६० साली आलेल्या १५ माशांचे वंशज आहेत आणि ते १५ मासे आयोवा राज्यातल्या गटनबर्ग गावाजवळ, मिसिसिपी नदीतून पकडलेले होते. लाखोंची प्रजा, पूर्वज पंधरा.

आणि तरीही बिवात जाळं टाकलं की ब्लूगिल एकाच ठेवणीचे निघत नाहीत. काही तळाशी चरणारे, किडे-अळ्या वेचणारे. काही उघड्या पाण्यात प्लवक गाळून खाणारे (प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव). आणि काही चक्क पाणवनस्पती खाणारे. त्यांच्या बांध्यातही फरक आहे.

३. अंगलट मोजायची कशी?

‘हा जाड, तो बारीक’ हे डोळ्यांनी सांगता येतं, पण डोळा फसवा. म्हणून आधी सगळ्यात सोपं माप घेऊ. माशाच्या तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या पराच्या मुळापर्यंतचं अंतर म्हणजे लांबी. पाठीपासून पोटापर्यंतचं सगळ्यात मोठं अंतर म्हणजे अंगाची उंची. उंचीला लांबीनं भागायचं.

समजा, पहिला मासा १२० मिलिमीटर लांब आणि ५४ उंच. ५४ भागिले १२०, म्हणजे ०.४५. दुसराही १२० लांब, पण ४८ उंच. त्याचं उत्तर ०.४०. उंचीतला फरक फक्त ६ मिलिमीटर, करंगळीच्या नखाच्या रुंदीपेक्षाही कमी. पण पाण्यातून अंग रेटताना एवढ्यानंही फरक पडतो, ते पुढे येईलच.

आता तिसरा मासा घ्या: ६० लांब, २४ उंच. उत्तर पुन्हा ०.४०. मग तो दुसऱ्याच्या गटात टाकायचा का? घाई करू नका. तान्ह्या बाळाचं डोकं त्याच्या उंचीच्या चौथ्या हिश्शाएवढं असतं आणि मोठ्या माणसाचं सातव्या-आठव्या हिश्शाएवढं. म्हणून कुणी बाळाला मोठ्या डोक्याची वेगळी जात म्हणत नाही. ब्लूगिलची पिल्लंही सडपातळ असतात आणि वाढताना उंच होत जातात. ६० मिलिमीटरचं पिल्लू ०.४० असेल तर कदाचित ते आपल्या वयाच्या मानानं चांगलंच उंच असेल. आकाराची तुलना करायची तर आधी आकारमानाचा हिशेब वेगळा काढावा लागतो. मराठीत ‘आकार’ हा शब्द आपण लहान-मोठेपणासाठीही वापरतो आणि ठेवणीसाठीही. इथे मात्र तो फक्त ठेवणीसाठी आहे.

एका भागाकारानं सगळी ठेवण कळत नाही. दोन माशांचं उत्तर ०.४५ येईल, पण एकाचा फुगवटा डोक्यामागे असेल आणि दुसऱ्याचा पोटाखाली. म्हणून अभ्यासक माशाच्या फोटोवर ठरावीक जागी ठिपके देतात: तोंडाचं टोक, डोळ्याचा मध्य, पाठीवरचा पर सुरू होतो ती जागा, संपतो ती जागा, छातीच्या पराचं मूळ, शेपटीच्या मुळाची वरची आणि खालची कड. पुढचं काम रांगोळी काढणाऱ्या कुणालाही लगेच कळेल. तेच ठिपके हातभर अंतरात काढा की वीतभर, रांगोळी तीच राहते. ती तिरकी काढली, अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात काढली, तरी तीच. पण मधले दोन ठिपके जागचे हलले की नक्षी बदलली. संगणक नेमकं हेच करतो. सगळ्या माशांच्या ठिपक्यांच्या रांगोळ्या सारख्या मापाच्या करतो, एकमेकींवर ठेवतो, आणि मग उरलेला फरक तेवढा दाखवतो.

ही कल्पना संगणकाच्या बरीच आधीची. १९१७ साली डार्सी थॉम्प्सन या स्कॉटिश प्राणिशास्त्रज्ञानं ‘ऑन ग्रोथ अँड फॉर्म’ या ग्रंथात माशांची चित्रं चौकटीच्या कागदावर काढली आणि चौकटी ताणून एका माशाचा दुसरा करून दाखवला. काटेरी फुगा मासा चौकटीत बसवला, चौकटी शेपटीकडे पसरवल्या, आणि समोर आला अवाढव्य मोला मासा. ताणलेल्या फुग्यावरचं चित्र जसं बदलतं तसं. त्या पानांवर मी अजूनही अडकून पडतो.

मोजणाऱ्याची फजिती करणाऱ्या गोष्टीही आहेत. मासा औषधी द्रावात ठेवला की वाकतो आणि आखडतो. पोट गच्च भरलेलं असेल तर अंग उंच येतं. आणि डासांच्या अळ्या खाणाऱ्या गॅम्बुशियासारखे मासे अंडी न घालता थेट पिल्लंच देतात, त्यामुळे गाभण मादीला जाड बांध्याची समजण्याची चूक सहज होते.

४. पाण्यातला खर्च

मोजून कळलं की फरक आहे. पण त्यानं माशाला काय मिळतं?

होडीतलं वल्हं पाण्यात उभं धरा. धारेच्या दिशेनं ढकललं तर ते सुरीसारखं पाणी कापतं. सपाट बाजूनं ढकललं तर पाणी त्याला अडवतं. उंच, चपट्या अंगाचा मासा म्हणजे असं उभं वल्हं. झटकन वळायचं तेव्हा त्याचं अंग बाजूला घसरत नाही, पाण्याला टेकून वळतं. जोडीला छातीचे पर लांब असतील तर ब्रेक लावता येतो, एका जागी स्थिर राहता येतं, मागेही सरता येतं. पाणवनस्पतींच्या जाळीत हेच हवं. तिथे अन्न पानांआड लपलेलं असतं. थांबा, निरखा, वळा, टिपा.

उघड्या पाण्यात मामला उलटा. प्लवक विखुरलेलं असतं, लपलेलं नसतं. म्हणून पोहत राहावं लागतं. उंच अंगाला पाणी जास्त अडवतं आणि प्रत्येक हातभर अंतराला शक्ती खर्ची पडते. तिथे सडपातळ बांधा परवडतो. १९८८ साली टिमोथी एह्लिंगर आणि डेव्हिड स्लोन विल्सन यांनी अमेरिकेतल्या एकाच तळ्यातले ब्लूगिल तपासले, तेव्हा काठच्या वनस्पतींत राहणारे आणि मधल्या उघड्या पाण्यात राहणारे असे दोन बांधे त्यांना सापडले. काठच्यांचे छातीचे पर लांब होते आणि भक्ष्य शोधायची रीतही वेगळी होती. जो तो आपापल्या जागी सरस.

तोंडाच्या आतही फरक पडतो. माशाच्या कल्ल्यांच्या कमानींवर काट्यांची रांग असते. हे काटे दाट असले तर ती चहाची गाळणी होते, बारीक प्लवक अडकतं. विरळ असले तर धान्य चाळायची चाळण. तळाच्या अळ्या खाणाऱ्याला चाळण पुरते, उलट गाळणीत चिखल भरतो.

५. जन्मजात की कमावलेली?

इथे दोन शक्यता आहेत आणि त्या नीट वेगळ्या ठेवायला हव्यात. एक, बांधा आईबापांकडून जनुकांतून आलेला. दुसरी, बांधा याच आयुष्यात घडलेला. ज्वारीचं एकच बियाणं काळ्या रानात कमरेच्या वर जातं आणि मुरमाड रानात गुडघ्याशी थांबतं; बी तेच, रान वेगळं. सजीवांच्या या गुणाला आपण ‘घडणीची लवचिकता’ म्हणू.

लवचिकतेचं माझ्या माहितीतलं सगळ्यात सुंदर उदाहरण स्वीडनमधलं आहे. १९९२ साली क्रिस्टर ब्रोनमार्क आणि जेफ्री मायनर यांनी क्रुशन कार्प या माशावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. तळी पडद्यानं दोन भागांत विभागली. एका भागात नुसते कार्प. दुसऱ्या भागात कार्प आणि पाइक नावाचा शिकारी मासा. थोड्याच आठवड्यांत पाइकच्या भागातले कार्प पाठीपासून पोटापर्यंत उंच झाले. पाइक भक्ष्य चावून तोडत नाही, अख्खं गिळतो. त्याच्या जबड्यात मावणार नाही इतकं उंच झालं की सुटका. पुढच्या प्रयोगांतून कळलं की पाइक प्रत्यक्ष दिसायचीही गरज नाही, पाण्यातला त्याचा वास पुरतो. मग सगळेच कार्प कायम उंच का नसतात? कारण वर पाहिलेला पोहण्याचा खर्च. शत्रू नसताना चिलखत घालून हिंडणं कुणाला परवडतं?

अमेरिकेत १९९१ साली ब्लूगिलच्या पम्पकिनसीड या भाऊबंदावरही असाच अभ्यास झाला. ज्या तळ्यात गोगलगायी भरपूर, तिथल्या माशांच्या घशातले शंख फोडणारे स्नायू जाडजूड; गोगलगायी नसलेल्या तळ्यात तेच स्नायू हडकुळे. तालमीत जाणारा आणि न जाणारा भाऊ.

आता दुसरी बाजू. जन्मजात फरक ओळखायचा कसा? युक्ती सोपी आहे. वेगवेगळ्या तळ्यांतल्या माशांची पिल्लं एकाच प्रकारच्या टाकीत, एकाच अन्नावर वाढवायची. फरक पुसला गेला तर तो रानाचा होता. टिकला तर बियाण्याचा. गॅम्बुशियाच्या बाबतीत ब्रायन लँगरहान्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००४ साली हेच दाखवलं. शिकारी मासे असलेल्या तळ्यांतल्या गॅम्बुशियांचं डोकं लहान आणि शेपटीकडचा भाग मोठा होता, म्हणजे क्षणात सटकण्यासाठी जोर जिथे लागतो तिथेच मांस. प्रयोगशाळेत जन्मलेल्या, शिकारी कधी न पाहिलेल्या पिल्लांतही तो फरक उतरला. हा गॅम्बुशिया आपल्या ओळखीचा आहे. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून तो १९२८ साली इटलीहून भारतात आणला, आणि महाराष्ट्रात हिवताप विभागाची माणसं विहिरींत, डबक्यांत गप्पी आणि गॅम्बुशिया सोडतात हे अनेकांनी पाहिलं असेल.

म्हणजे उत्तर ‘हे किंवा ते’ असं येत नाही. एकाच माशात दोन्ही मिसळलेलं असतं, आणि प्रमाण किती हे जातीजातीत, तळ्यातळ्यात बदलतं.

६. पुन्हा बिवाकाठी

बिवातल्या तीन बांध्यांकडे परत येऊ. पहिली शंका अशी की हे खरंच कायमचे खाणारे गट आहेत, की ज्या दिवशी पकडले त्या दिवशी जे मिळालं ते त्यांनी खाल्लं? माशाचं पोट उघडून पाहिलं तर फक्त आजचा डबा दिसतो. महिन्याचं खाणं कळायला वाण्याची उधारीची वही हवी. ती वही माशाच्या मांसात असते. कार्बन आणि नायट्रोजन यांचे काही अणू किंचित जड आणि काही हलके असतात. तळाच्या अन्नात त्यांचं प्रमाण एक, उघड्या पाण्यातल्या प्लवकात दुसरं. मासा जे महिनोन्महिने खातो त्याचं प्रमाण त्याच्या मांसात उतरतं. २००७ साली जपानी संशोधकांनी बिवातल्या ब्लूगिलची ही वही तपासली आणि खाण्याच्या सवयींतला फरक तिथेही नोंदलेला सापडला.

दुसरी शंका मोठी. पंधरा पूर्वजांच्या वंशात जनुकांची विविधता कमीच असणार. मग इतके बांधे कुठून? मला यातलं मोठं माप लवचिकतेच्या पदरात टाकावंसं वाटतं. ब्लूगिल दोन-तीन वर्षांत वयात येतो. म्हणजे साठच्या दशकापासून या अभ्यासापर्यंतच्या चाळीस वर्षांत फार तर वीसेक पिढ्या. एवढ्यात नैसर्गिक निवडीनं काहीच होत नाही असं नाही, पण हाताशी भांडवल थोडं. उलट काठ आणि उघडं पाणी अशा दोन्ही जागी जुळवून घ्यायची तयारी ब्लूगिलनं अमेरिकेतूनच सोबत आणली होती.

आणि बिवात त्याला मोकळं रानही मिळालं. अमेरिकेत त्याचे भाऊबंद त्याच तळ्यात असतात आणि वाटा मागतात. अर्ल वर्नर आणि डोनाल्ड हॉल यांनी १९७६ साली दाखवलं की ग्रीन सनफिश हा नातलग तळ्यात असला की ब्लूगिल वनस्पतींची जागा सोडून उघड्या पाण्याकडे सरकतो. बिवात असा नातलगच नव्हता. काठ, तळ, उघडं पाणी, सगळीकडे दारं उघडी. मूळ गावी वनस्पतींवर फारसा न जगणारा मासा इथे तेही खायला लागला. उपऱ्या माशाबद्दल आपण विचारतो, तो कोणाला खाईल? माझ्या मते त्याच्या आधी विचारायला हवं, की तो किती प्रकारे जगू शकतो.

याची किंमत मोजली ती निगोरोबुना या बिवातल्याच माशानं, आणि त्याच्यासोबत तिथल्या लोकांनी. मीठ आणि भात यांत हा मासा महिनोन्महिने मुरवून फुनाझुशी हा तिथला जुना पदार्थ करतात. ब्लूगिल आणि त्याच्यासारखाच बाहेरून आलेला बास मासा यांनी अंडी-पिल्लं फस्त केली, काठचं बोरूचं रान आटलं, आणि निगोरोबुना दुर्मीळ झाला. २००७ साली सम्राट अकिहितो बिवाकाठच्या शिगा प्रांतात एका समारंभाला आले होते. ब्लूगिल आपणच अमेरिकेतून आणले आणि आज जे झालं आहे त्याचं आपल्याला दुःख आहे, असं त्यांनी तिथे सर्वांसमोर सांगितलं.

शिगा प्रांतात २००३ पासून नियम आहे: गळाला लागलेला ब्लूगिल किंवा बास पुन्हा पाण्यात सोडायचा नाही. त्यासाठी सरोवराच्या काठानं पेट्या ठेवलेल्या आहेत. पकडलेला मासा पेटीत टाकायचा आणि घरी जायचं. तळाशी चरणारा, प्लवक गाळणारा, पाला खाणारा, सगळ्यांना पेटी एकच.